खाल्ल्या मिठाचा हिशोब : होमरचे वीर आणि आपला अतिथी

(खारी, भाईंदर पूर्व येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचा एक प्रश्न आणि त्याचं उत्तर दिलं आहे.)



खारी गावात येऊन होमरवर बोलायचं ठरलं, तेव्हा माझ्या मनात पहिला शब्द आला तो मीठ. तुमच्यापैकी कितीतरी जणांचे आजोबा-पणजोबा मिठागरात राबले असतील. आगरी हे नावच आगरावरून आलं, असं आपण सांगतो. स्टेशनवरून इथे येताना आता इमारतीच इमारती दिसतात. पण भाईंदरची मिठागरं सगळीच्या सगळी काही गेलेली नाहीत, आणि भाषेतून तर मीठ जाणारच नाही. माणूस कृतज्ञ असला तर तो खाल्ल्या मिठाला जागला, आणि कृतघ्न निघाला तर खाल्ल्या घरचे वासे मोजणारा. म्हणजे नीतीचा अख्खा धडा आपण जेवणाच्या पानावर मांडून ठेवलाय.

होमरनेही तेच केलं. ‘इलियड’च्या नवव्या सर्गात अकिलीस रुसून तंबूत बसलाय. ग्रीकांचे तीन दूत त्याची समजूत काढायला येतात. हा माणूस त्यांच्या राजावर इतका चिडलाय की आपली माणसं मेली तरी लढणार नाही म्हणतो. पण दूत दारात दिसताच तो उठून उभा राहतो. स्वतः मांस कापतो. पॅट्रोक्लस निखारे पसरतो आणि मांसावर मीठ भुरभुरवतो. त्या मिठाला होमर ‘दैवी’ असं विशेषण लावतो. भांडण नंतर. आधी जेवण.

‘ओडिसी’च्या सतराव्या सर्गात याच्या बरोबर उलटं आहे. ओडिसियस वीस वर्षांनी भिकाऱ्याच्या वेशात स्वतःच्याच घरात आलाय. पेनेलोपीशी लग्न करायला टपलेले लोक तिथे त्याच्याच जिवावर जेवतायत. त्यांच्यातला अँटिनोअस या भिकाऱ्याला तुकडा द्यायला नाकारतो. तेव्हा ओडिसियस त्याला सुनावतो, त्याचा भावार्थ असा : तू स्वतःच्या घरी असतास तर दारच्याला मीठसुद्धा दिलं नसतंस, इथे तर दुसऱ्याच्या ताटावर बसलायस. यावर अँटिनोअस काय करतो? पायाखालचा चौरंग उचलून त्याला मारतो. मंडळी, या माणसाचा शेवट काय होणार हे आपल्याला इथेच कळतं. होमर वीराची परीक्षा रणात घेतो हे खरंच. पण माणसाची परीक्षा तो उंबरठ्यावर घेतो.

ग्रीकांचा शब्द आहे ‘क्सेनोस’. याचे अर्थ बघा. परका, पाहुणा, यजमान आणि मित्र, चारही अर्थांना एकच शब्द. आपल्याकडे खेड्यात अनोळखी माणसाला ‘काय पाव्हणं’ म्हणतात, त्याच्या जवळपासचा हा शब्द आहे. आणि या नात्याचं नाव ‘क्सेनिया’. त्याचे नियम साधे आहेत. आलेल्याला आत घ्यायचं, हात धुवायला पाणी द्यायचं, जेवू घालायचं. जेवण झाल्यावरच विचारायचं, की बाबा रे, तू कोण, कुठला? निघताना भेट द्यायची आणि पुढच्या वाटेची सोय करायची. पाहुण्यावरही बंधनं आहेत. यजमानाला ओरबाडायचं नाही. त्याच्या घरच्या बाईकडे वाकडी नजर टाकायची नाही. मुक्काम लांबवायचा नाही. आणि आज मी पाहुणा, तर उद्या तू माझ्याकडे.

ट्रॉयचं युद्ध का झालं? आपण म्हणतो हेलेनसाठी. पण ग्रीकांच्या लेखी पॅरिसचा गुन्हा असा की तो मेनेलॉसच्या घरी पाहुणा होता. खाल्ल्या घरचे वासे त्याने नुसते मोजले नाहीत, उचलून नेले. (हशा.)

आता हा नियम रणांगणात काय करतो ते पाहा. सहाव्या सर्गात डायोमिडीज आणि ग्लॉकस समोरासमोर येतात. कुळं सांगता सांगता कळतं की एकाच्या आजोबाने दुसऱ्याच्या आजोबाला वीस दिवस घरी ठेवून घेतलं होतं. दोन पिढ्यांपूर्वीचा मुक्काम! पण भाले खाली येतात. एकमेकांना टाळून लढायचं ठरतं आणि ते चिलखतं बदलतात. होमर मिश्कील आहे. तो सांगतो की ग्लॉकसने शंभर बैलांच्या किमतीचं सोन्याचं चिलखत दिलं आणि नऊ बैलांच्या किमतीचं काशाचं घेतलं, देवाने त्याची अक्कलच हिरावून घेतली असावी. म्हणजे मैत्रीतला हिशोब कवी विसरत नाही. तरी महत्त्वाचं हे, की आजोबांनी खाल्लेल्या मिठाने नातवांचा हात अडवला.

याच्या शेजारी आपला शल्य ठेवा. उद्योगपर्वातली गोष्ट आहे. शल्य म्हणजे माद्रीचा भाऊ, नकुल-सहदेवांचा सख्खा मामा. तो सैन्य घेऊन पांडवांकडे निघालाय. वाटेत जागोजागी सुंदर मांडव, खाणंपिणं, सगळी बडदास्त. शल्याला वाटतं, ही धर्मराजाची व्यवस्था. तो खूश होऊन म्हणतो, हे ज्याने केलं त्याला मी बक्षीस देणार. आणि आडोशाला थांबलेला दुर्योधन पुढे येतो. म्हणतो, मग माझा सेनापती व्हा. संपलं. मामा भाच्यांच्या विरुद्ध उभा राहिला आणि अठराव्या दिवशी युधिष्ठिराच्याच हातून मेला.

दोन्ही महाकाव्यांत आदरातिथ्य इतकं बलवान आहे की ते युद्धाची दिशा बदलतं. पण तिकडे मीठ हात अडवतं, इकडे मीठ हात उचलायला लावतं. असं का? माझं उत्तर असं. ग्लॉकस आणि डायोमिडीज यांचं नातं बरोबरीचं आहे, फिरतं आहे. आज तू, उद्या मी. शल्याच्या बाबतीत ते कर्ज झालं. भीष्मही हेच म्हणतात, की माणूस अर्थाचा दास असतो आणि कौरवांनी मला अर्थाने बांधलंय. द्रोणांचं तेच, कर्णाचं तर विचारूच नका. महाभारतातले मोठमोठे योद्धे पटत नसलेल्या बाजूने लढले, त्यामागे खाल्लेलं अन्न आहे. मीठ एकाच बाजूने वाहायला लागलं की त्याची बेडी होते. आणि हे कुणा टीकाकाराने शोधायला नको, व्यासांनी ते पात्रांच्याच तोंडून वदवलंय.

इथपर्यंत मी वीरांबद्दल बोललो. आता ज्यासाठी हा विषय घेतला त्याकडे येतो. हे जेवण शिजवलं कोणी?

‘ओडिसी’चा विसावा सर्ग. ज्या दिवशी सूड घ्यायचा त्याची पहाट आहे. ओडिसियस झ्यूसकडे शकुन मागतो. निरभ्र आकाशात गडगडाट होतो. पण त्याला माणसाच्या तोंडचाही शब्द हवा असतो. तो येतो जात्यावरून. राजवाड्यात बारा बायका दळायला आहेत. अकरा जणी आपापलं दळण उरकून झोपल्यात. एकटी उरलीय, सगळ्यांत अशक्त असलेली. तिचं दळण सरलेलं नाही. गडगडाट ऐकून ती जातं थांबवते आणि म्हणते, देवा, ज्यांच्यासाठी दळून दळून माझे गुडघे मोडले, त्यांचं हे शेवटचं जेवण ठरू दे.

आपल्याला ही बाई ओळखीची वाटते की नाही? महाराष्ट्रात पहाटे जात्यावर बसून बायकांनी जे मनातलं बोलून टाकलं, त्याच्या एक लाखाहून अधिक ओव्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या प्रयत्नातून गोळा झाल्या. सासर, माहेर, भाऊ, पाऊस, सगळं त्यात आहे. जातं हे बाईचं बोलायचं ठिकाण. होमरला हे तीन हजार वर्षांच्या आसपास अलीकडे-पलीकडे माहीत होतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पण पुढे काय होतं? ओडिसियस ते बोलणं ऐकतो आणि खूश होतो, कारण त्याला शकुन मिळाला. तिचे गुडघे त्याच्या डोक्यात राहत नाहीत. तो तिचं नाव विचारत नाही. कवीही सांगत नाही. त्या घरात एकशे आठ मागणीदार वर्षानुवर्षं जेवले. पाहुणचाराचा नियम त्यांनी मोडला तो राजाविरुद्ध, राणीविरुद्ध, देवाविरुद्ध, असंच काव्य सांगत राहतं. तो कोणाच्या अंगावर मोडला हे एकदाच, पंधरा-सोळा ओळींत येतं. आणि त्याच घरातल्या पन्नास दासींपैकी बारा जणींना शेवटी फासावर लटकवलं जातं. वीराचं घर परत मिळालं, पण ते धुऊन काढायला लावलं त्याच बायकांना, त्यांच्या मरणाच्या आधी. ग्रीक आदर्शाची आरती करताना हे पान उलटून पुढे जाऊ नये.

आता आपल्या घरी येऊ. चिलया बाळाची गोष्ट तुम्हाला सांगायला नको. 1718 साली बारामतीला श्रीधराने ‘शिवलीलामृत’ पुरं केलं, त्यात श्रियाळ-चांगुणेचं हे आख्यान आहे. मूळ गोष्ट दक्षिणेकडची. तमिळमध्ये बाराव्या शतकातल्या शेक्किळारच्या ‘पेरियपुराणा’त ती सिरुतोंडर नावाच्या शिवभक्ताची आहे, आणि हा भक्त आधी पल्लवांचा सेनापती होता, वातापीवर चालून गेलेला. म्हणजे तिथेही आधी योद्धा, मग यजमान. शंकर अघोरी अतिथीच्या वेशात येतो आणि त्या घरच्या एकुलत्या मुलाचं मांस मागतो. चांगुणा चिलयाला शाळेतून बोलावते. पुढचं सगळं होतं. डोकं तेवढं ती बाजूला ठेवते, डोळ्यांना दिसावं म्हणून. अतिथीला ते कळतं. तो म्हणतो, तेच उखळात घालून कांड, आणि कांडताना डोळ्यांतून पाणी काढायचं नाही, गाणं म्हणायचं.

तिकडे जातं, इकडे उखळ. तिकडची बाई निदान शाप देते. इकडच्या बाईला रडायचीही मुभा नाही.

ग्रीकांकडे हेच भांडं आहे. टँटलसने आपला मुलगा पेलॉप्स कापून, शिजवून देवांना वाढला. देव संतापले. मुलाला त्यांनी जिवंत केलं आणि बापाला कायमच्या तहानभुकेत उभं केलं. चिलयाही जिवंत होतो, पण इथे आई-बापांचा उद्धार होतो. वरवर पाहता उलट निकाल. फरक मागणी कोणाची यात आहे. टँटलस देवाची परीक्षा घेतो. आपल्याकडे देव यजमानाची परीक्षा घेतो. ग्रीक गोष्ट सांगते की ताटात काय वाढायचं नाही याला सीमा आहे, मग समोर देव का असेना. आपल्या गोष्टीत अतिथीच्या मागणीला सीमाच नाही, आणि ती सीमा नसण्याची किंमत उखळापाशी बसलेली बाई मोजते.

कोणी म्हणेल, हे रूपक आहे, भक्तीची पराकाष्ठा आहे. मान्य. श्रीधराला मी निर्दय म्हणत नाही. माझ्या वाचनात त्याची लेखणी चांगुणेपाशीच जास्त रेंगाळते, आणि हे आख्यान ऐकताना बायका रडायच्या त्या चांगुणेसाठी, अतिथी तृप्त झाला म्हणून नव्हे. माझी आजी ही गोष्ट सांगायची. ‘मग चांगुणेनं हाक मारली आणि चिलया धावत आला’ इथवर पोचण्याची तिला घाई असायची. मधला भाग ती भरभर सांगून टाकायची. घरी अवेळी कोणी आलं की भाकरीच्या टोपलीत हात घालून ती अंदाज घ्यायची, आणि त्या रात्री ती स्वतः काय जेवली हे आम्ही कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. मी तर नक्कीच विचारलं नाही.

म्हणून महाभारतातली मुंगसाची गोष्ट मला फार मोलाची वाटते. युधिष्ठिराचा अश्वमेध थाटात झालाय, दानाची वाहवा चाललीय. तेवढ्यात अर्धं अंग सोन्याचं असलेलं मुंगूस येतं आणि म्हणतं, या यज्ञाला कुरुक्षेत्रातल्या गरीब ब्राह्मणाच्या सातूच्या पिठाची सर नाही. दुष्काळात त्या घरात चार जणांपुरतं थोडंसं पीठ होतं. अतिथी आला. म्हाताऱ्याने आपला वाटा दिला. पुरला नाही. बायको म्हणाली, माझा द्या. नवरा कचरला. मुलगा म्हणाला, माझा द्या. बाप कचरला. सून पुढे आली, तेव्हा तर सासऱ्याला तिच्या वाळलेल्या अंगाकडे बघून हात पुढे करवेना. गोष्ट सांगणाऱ्याने प्रत्येक वेळी हा थांबा ठेवलाय. प्रत्येकाचा वाटा वेगळा मोजलाय, प्रत्येकाने तो स्वतः दिलाय. दुसऱ्याच्या ताटातलं उचलून कोणी पुण्य मिळवलं नाही. युद्ध जिंकलेल्या राजाला हे एक मुंगूस येऊन सुनावतं.

होमरकडे हा मान डुकरं राखणाऱ्या युमीयसला आहे. पुष्ट डुकरं मागणीदारांच्या ताटात जातात, याच्याकडे उरतात पिलं. त्यातली दोन तो कापतो, स्वतः भाजतो, भिकाऱ्याला आधी जेवू घालतो आणि रात्री पांघरायला आपला जाड झगा देतो. तो दास आहे. तरीही अख्ख्या ‘ओडिसी’त त्याच्याइतका चोख यजमान मला दुसरा दिसत नाही.

आणि अकिलीस? शेवटच्या सर्गात म्हातारा प्रायम रात्री त्याच्या तंबूत येतो आणि ज्या हातांनी आपली मुलं मारली त्या हातांचं चुंबन घेतो. दोघं रडतात. एक मुलासाठी, एक बापासाठी आणि मित्रासाठी. हेक्टरचं प्रेत दासी धुतात, तेही बाजूला नेऊन, बापाला एकदम दिसू नये म्हणून. मग अकिलीस म्हणतो, आता जेव. मेंढी तो स्वतः कापतो, मांसाचे वाटे स्वतः करतो. पुत्रशोकात असलेल्या शत्रूला तो दोन घास खायला लावतो आणि अंत्यविधीसाठी अकरा दिवस युद्ध थांबवतो. इथे यजमान बापाला मुलगा परत करतो, ताटावर वाढत नाही. ‘इलियड’ मला मोठं वाटतं ते या जेवणामुळे. दहा वर्षांच्या युद्धातून वीराला शेवटी जे साधलं, ते एवढंच.

जाता जाता एक गोष्ट. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी श्रियाळ षष्ठी येते. काही ठिकाणी त्या दिवशी शिराळशेठची मातीची मूर्ती करतात. त्याची लोककथा वेगळी आहे. दुर्गादेवीच्या दुष्काळात या व्यापाऱ्याने आपली कोठारं भुकेल्यांसाठी उघडली, म्हणून बादशहाने त्याला साडेतीन घटका राज्य दिलं. औट घटकेचा राजा तो हाच, असं सांगतात. नाव तेच, पण लोकांनी दुसरा श्रियाळ उभा केला. याच्या दारात एकच परीक्षा घेणारा देव आलेला नाही, रांग लागलीय. आणि याने मुलाला हात लावलेला नाही, कोठाराला लावलाय. या श्रियाळची गोष्ट आपण मुलांना जास्त सांगावी, असं मला वाटतं. चांगुणेचीही सांगावी. फक्त उखळाचा भाग भरभर उरकू नये.



प्रश्न : आपल्या उपनिषदाने अतिथीला थेट देव म्हटलं. ग्रीक तर म्हणतात, पाहुणा झ्यूसने पाठवलेला. मग आपली कल्पना वरची नाही का?

उत्तर : कल्पना वरचीच आहे. प्रश्न असा की अतिथी कोणाला म्हणायचं? मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात ब्राह्मणाच्या घरी आलेल्या क्षत्रियालाही ‘अतिथी’ म्हणत नाहीत, मग खालच्यांचं काय? होमरकडे आधी जेवण आणि मग नाव. ‘ओडिसी’त आल्या आल्या ‘कोण रे तुम्ही’ विचारतो तो पॉलिफीमस, पाहुण्यांना खाणारा राक्षस. आपल्याकडे मात्र पाण्याचा तांब्या देण्याआधीच आडनाव विचारायची सवय आहे. 1917 साली डॉ. आंबेडकर परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. शहरात राहायला जागा नाही. पारशी उतारशाळेत पारशी नाव सांगून राहिले, तर काही दिवसांनी लोक काठ्या घेऊन आले. मग दोन मित्रांची दारं झाली. एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही टाळलं. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते सार्वजनिक बागेत बसून राहिले. त्यांनी स्वतः हे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मध्ये लिहिलंय. ओडिसियसने राक्षसाच्या गुहेत जीव वाचवायला नाव लपवलं. आंबेडकरांना ते भरवस्तीत, डोक्यावर छप्पर मिळावं म्हणून लपवावं लागलं.

ग्रीकांकडे गुलाम होते, ते मी आताच सांगितलं, त्यांना वरचं म्हणायचं कारण नाही. पण तुमच्या सोसायटीत नवा भाडेकरू आला, तर त्याला आडनाव आधी विचारतात की पाणी, हे घरी जाताना आठवून बघा. आपली कल्पना किती वरची आहे ते तिथे कळेल.